मांगा सलग वाचावी की चॅप्टर येईल तशी? पद्धत ठरवण्याचे आणि ती नीट पाळण्याचे टप्पे

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणाऱ्यांच्या दोन तक्रारी सारख्या कानावर येतात. पहिली: ‘तीनशे चॅप्टर आठ दिवसांत संपवले, पण आता चार प्रसंगही धड आठवत नाहीत.’ दुसरी: ‘दर आठवड्याला न चुकता वाचतोय, पण कथा जागची हलत नाही.’ दोघांचाही निष्कर्ष एकच असतो, की मालिकेत दम नाही. बहुतेक वेळा मालिका चांगली असते. ती भलत्याच गतीने वाचलेली असते, किंवा एका गतीवरून दुसऱ्या गतीवर जाताना मधली पायरी गाळलेली असते.

या लेखात ‘सलग’ म्हणजे निदान एक पूर्ण आर्क (मोठ्या कथेतलं एक संपूर्ण उपकथानक) काही बैठकांत वाचणं, आणि ‘चालू’ म्हणजे चॅप्टर आला की त्याच दिवशी किंवा एखाद-दोन दिवसांत वाचणं. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद इथे नाही. कोणत्या मालिकेला कोणती पद्धत, आणि ती कोणत्या क्रमाने पाळायची, एवढंच पाहू.

## टप्पा १: मालिकेचा हिशोब मांडा

वाचायला बसण्यापूर्वी चार गोष्टी लिहून काढा: मालिका संपली आहे की चालू आहे, चॅप्टर किती दिवसांनी येतो, एका चॅप्टरची पानं किती, आणि गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्षात किती चॅप्टर आले. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळल्यामुळेच पुढची निम्मी फसगत होते.

साप्ताहिकातला चॅप्टर साधारण १७ ते २० पानांचा असतो, मासिकातला बहुधा ३० ते ५० पानांचा. छापील खंडात साप्ताहिकाचे ८ ते ११ चॅप्टर मावतात, मासिकाचे चार-पाच. १९ पानांचा चॅप्टर चित्रं बघत वाचायला मला सहा-सात मिनिटं लागतात, म्हणजे एक खंड तासाभराचा झाला. सुट्ट्या वजा जाता वर्षाला ४० ते ४५ चॅप्टर आले असं धरलं, तर बावन्न आठवडे वाट पाहून जे हाती येतं ते सलग वाचणारा एका सुट्टीच्या दिवशी संपवतो. हे प्रमाण डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत.

‘साप्ताहिक’ या शब्दावर विसंबू नका. वन पीस १९९७ पासून वीकली शोनेन जंप या जपानी साप्ताहिकात चालू आहे, पण अलीकडची कित्येक वर्षं साधारण तीन चॅप्टर झाले की एक आठवडा रिकामा जातो. स्पाय × फॅमिलीचा चॅप्टर सुरुवातीपासूनच दोन आठवड्यांच्या अंतराने ठरलेला आहे. हंटर × हंटर हीसुद्धा वीकली शोनेन जंपमधलीच मालिका. तिचा ३९० वा चॅप्टर नोव्हेंबर २०१८ मध्ये आला आणि ३९१ वा ऑक्टोबर २०२२ मध्ये. या तिन्ही मालिका एकाच सवयीने वाचायला गेलात तर निदान दोन तरी हातातून सुटणार.

सावधान: मालिका सुरू झाल्यापासूनची सरासरी काढू नका. दहा वर्षांपूर्वीचा वेग आज उपयोगाचा नाही. फक्त गेलं एक वर्ष पाहा.

तपासा: गेल्या बारा महिन्यांत ३५ पेक्षा जास्त चॅप्टर आले असतील तर चालू वाचनाचा विचार करता येईल. मालिका साप्ताहिक म्हणवत असूनही १५ पेक्षा कमी आले असतील, तर थेट सातव्या टप्प्यातली साठवण्याची पद्धत (काही चॅप्टर जमू द्यायचे आणि मग एकत्र वाचायचे) पाहा.

## टप्पा २: कथा कशी बांधली आहे ते ओळखा

हिशोब जुळला तरी कथेचा पोत जुळायला हवा. सुरुवातीचे दोन खंड वाचा, आणि मग फक्त प्रत्येक चॅप्टरची शेवटची दोन पानं पुन्हा चाळा. त्या पानांवर काय घडतं, यावरून मालिका कशी वाचायची हे बरंचसं कळतं.

शेवटच्या पानावर छोटी गोष्ट पूर्ण होत असेल, कुणी हसतं, कुणी घरी जातं, एखादा विनोद संपतो, तर ती मालिका चालू वाचनासाठी सरस आहे. अशा मालिका सलग वाचल्या की विनोदाचा साचा दिसू लागतो. तोच नोकझोकीचा प्रसंग आठवड्याने आला तर ओळखीचा वाटतो. सहा मिनिटांनी आला तर कंटाळवाणा.

शेवटच्या पानावर दर वेळी दार उघडत असेल, तलवार उपसली जात असेल किंवा कुणीतरी नवीन येऊन उभं राहत असेल, तर जरा थांबून विचार करा. या ओढीला जपानीत ‘हिकी’ म्हणतात. वाचकाला पुढचा अंक घ्यायला लावणं हे तिचं काम. हिकी असणं वाईट नाही. पाहायचं हे, की हिकी सोडून त्या चॅप्टरमध्ये स्वतःचं असं काही पूर्ण झालं का? झालं असेल तर आठवडाभर थांबणं सुखाचं जातं. निव्वळ हिकीच असेल तर साठवून वाचा.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो अनेक आघाड्यांवर चालणाऱ्या लांब युद्धाच्या आर्कबाबत. वन पीसमधला वानो आर्क ९०९ व्या चॅप्टरपासून १०५७ व्यापर्यंत, म्हणजे १४९ चॅप्टरांचा आहे. तो जुलै २०१८ ते ऑगस्ट २०२२ असा चार वर्षं चालला. येईल तसा वाचणाऱ्याला एखाद्या पात्राच्या लढाईचा पुढचा तुकडा कित्येक आठवड्यांनी मिळत होता. सलग वाचणाऱ्याला हाच आर्क पंधरा-सोळा तासांचा आहे, आणि आघाड्या बदलणं त्याला अडथळा न वाटता लय वाटते. अशा आर्कला मी नेहमी सलग वाचनाच्या बाजूने कौल देते.

रहस्यकथेचं थोडं वेगळं आहे. सलग वाचलं तर दुवे लक्षात राहतात, पण स्वतः डोकं चालवायला वेळ मिळत नाही. उत्तर लगेच पुढच्या पानावर असतं. येईल तसं वाचलं तर तर्क करायला आठवडा मिळतो, पण चाळीस चॅप्टरांपूर्वीचा दुवा विसरलेला असतो. माझा सल्ला: चालू रहस्य येईल तसं वाचा आणि टिपणं ठेवा, संपलेलं रहस्य वाचताना प्रत्येक खंडानंतर एक रात्र मध्ये जाऊ द्या.

एका दिवसाची चाचणी: एकच चॅप्टर वाचा आणि पुस्तक किंवा ॲप बंद करा. दुसऱ्या दिवशी न बघता दोन वाक्यं लिहा: काय बदललं, आणि आता मला काय जाणून घ्यायचंय. दोन्ही लिहिता आली तर ही मालिका येईल तशी वाचता येईल. फक्त दुसरंच सुचलं तर साठवा. दोन्ही सुचली नाहीत तर बहुधा तुम्ही फक्त संवादांचे फुगे वाचून पुढे गेलात. तोच चॅप्टर पुन्हा वाचून चाचणी घ्या.

## टप्पा ३: कुठून वाचणार ते आधी पक्कं करा

पद्धत निवडली आणि मग कळलं की हवे ते चॅप्टर त्या पद्धतीने मिळतच नाहीत, हा प्रकार फार होतो.

शोनेन जंपचे प्रकाशक शुएशा यांची मांगा प्लस ही ऑनलाइन सेवा जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तिथे संकेतस्थळावर साधारणपणे मालिकेचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर मोफत असतात. म्हणजे दहा चॅप्टर साठवून मग तिथेच मोफत वाचू असा बेत असेल, तर मधले सात तोवर निघून गेलेले असतील. ॲपवर बहुतेक चालू इंग्रजी मालिकांचे चॅप्टर एकदा मोफत उघडता येतात, पण एकदाच. म्हणून ते वरवर चाळण्यात घालवू नका. निवांत बसाल तेव्हाच उघडा. पुनर्वाचन करायचं असेल तर सदस्यत्व किंवा छापील खंड लागेल हे आधीच धरून चाला. इंग्रजी भाषांतरं काढणाऱ्या व्हिझ या प्रकाशकाच्या शोनेन जंप सदस्यत्वात दिवसाला १०० चॅप्टरची मर्यादा आहे. पुढे सांगितलेल्या गतीने वाचलं तर त्या मर्यादेच्या जवळपासही जायची वेळ येणार नाही.

छापील खंड आणि ताजा चॅप्टर यांच्यात नेहमी अंतर असतं. जपानी खंडसुद्धा काही महिने मागे असतो, भाषांतरित खंड त्याहून मागे. हातातला शेवटचा खंड संपवून थेट या आठवड्याच्या चॅप्टरवर उडी मारणं ही नवख्यांची अगदी ठरलेली चूक. मधले वीस-तीस चॅप्टर गायब होतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, लेखकाने काहीतरी गाळलं.

तपासा: शेवटच्या खंडातल्या शेवटच्या चॅप्टरचा क्रमांक लिहून ठेवा, आणि पुढे त्याच्यानंतरच्या क्रमांकापासून सुरू करा. ‘खंड गुणिले दहा’ असा अंदाज कधीच बांधू नका.

ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) पाहून मांगाकडे वळणाऱ्यांनी शक्य असेल तर पहिल्या चॅप्टरपासूनच सुरुवात करावी. ते जमत नसेल तर निदान ॲनिमे जिथे संपली त्या आर्कच्या सुरुवातीपासून.

अधिकृत वेळेआधी फुटलेली पानं वाचू नका. त्यांचं भाषांतर घाईचं असतं, कधी पानं अपुरी असतात, आणि पहिलं वाचन एकदाच मिळतं. शिवाय शोनेन जंपसारख्या साप्ताहिकात वाचकांच्या कौलावर नव्या मालिकांचं भवितव्य ठरत आलं आहे. वीसेक चॅप्टरांत गुंडाळल्या गेलेल्या मालिका तिथे कमी नाहीत. नवी मालिका मनापासून आवडली असेल तर ती ‘संपल्यावर वाचू’ म्हणून बाजूला ठेवू नका. अधिकृत ठिकाणी, सुरुवातीपासूनच वाचा.

## टप्पा ४: सलग वाचताना

१. बैठकीचं माप आधी ठरवा. एका बैठकीला दोन, फार तर तीन खंड. साप्ताहिक मालिकेचे हे वीस ते तीस चॅप्टर होतात. त्यापुढे डोळे पानावर फिरतात, पण चित्रं आत पोचत नाहीत.

२. हिकीवर थांबू नका. हे कानाला उलटं वाटेल, पण सलग वाचनातली सर्वांत उपयोगी सवय हीच. चॅप्टरच्या शेवटची ओढ सात दिवस टिकावी म्हणून रचलेली असते. सलग वाचताना ती दर सहा मिनिटांनी येते आणि ‘अजून एक’ करत रात्रीचे तीन वाजवते. त्या ओढीत वाचणारा पुढच्या चॅप्टरची सुरुवात धावत पार करतो, कारण त्याला फक्त उत्तर हवं असतं. म्हणून पुढचा चॅप्टर उघडा, पहिली पाच-सहा पानं वाचा, ओढ शमली की मधेच थांबा. दुसऱ्या दिवशी तोच चॅप्टर पहिल्या पानापासून वाचा.

३. प्रत्येक खंडानंतर तीन ओळी लिहा. कोण कुठे आहे, कुणाला काय कळलं आहे, कोणता प्रश्न अधांतरी आहे. सारांश लिहीत बसू नका. पात्रांची नावं मात्र नक्की लिहा. जपानी नावांत आडनाव, पहिलं नाव आणि टोपणनाव अशा तिन्ही हाका येतात आणि एकच माणूस तीन माणसं वाटू लागतो.

४. मोठी चित्रं मोठीच पाहा. फोनवर वाचत असाल तर दोन पानांवर पसरलेलं चित्र आलं की फोन आडवा करा. उभ्या फोनवर त्या चित्राचे दोन तुकडे होतात आणि मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात म्हणून उजवा भाग आधी येत असल्याने कुणी कुणावर वार केला तेही उलटं समजू शकतं.

५. लढाई कळली नाही तर पुढे जाऊ नका. पाच पानं मागे या आणि संवाद सोडून फक्त चौकटी पाहा. कोण डावीकडून येतो, कोण उजवीकडून, हे धरलं की बहुतेक लढाया उलगडतात.

६. शेवटचा आर्क वेगळा ठेवा. संपलेली मालिका सलग वाचत असाल तर शेवटच्या दोन-तीन खंडांपूर्वी निदान एक पूर्ण दिवस थांबा. रात्रभर वाचून पहाटे शेवट गाठणाऱ्यांचं शेवटाबद्दलचं मत मी फारसं धरत नाही, माझं स्वतःचंसुद्धा.

थांबायची खूण: पान उलटण्याआधीच बोट पुढच्या पानावर गेलेलं असेल, किंवा आत्ता पाहिलेल्या चौकटीत मागे काय होतं ते सांगता येत नसेल, तर बैठक तिथेच संपली. दोन चॅप्टर मागे खूण करून ठेवा आणि उठा.

## टप्पा ५: सलग वाचनातून चालू चॅप्टरवर उतरणं

सर्वांत जास्त वाचक इथे गळतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

काही वर्षांपूर्वी एक लांबलचक मालिका मी नऊ दिवसांत गाठली. दहाव्या दिवसापासून इतरांबरोबर दर आठवड्याला वाचू लागले. तिसऱ्या आठवड्यात सोडून दिली. लेखकाचा हात सैल पडलाय, पानं भरतोय, असं मी ठामपणे चार जणांना सांगितलंही. दोन वर्षांनी तेच चॅप्टर एका दुपारी सलग वाचले. सगळ्या मालिकेतला तो सर्वांत घट्ट विणलेला भाग होता. हात माझाच सैल पडला होता: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सहा मिनिटांत मिळण्याची सवय नऊ दिवसांत अंगात भिनली होती, आणि मग अचानक १९ पानांसाठी सात दिवस थांबायचं होतं.

ही गती हळूहळू उतरवावी लागते. क्रम असा:

१. ताज्या चॅप्टरकडे धाव घेऊ नका; चालू आर्कच्या सुरुवातीला थांबा. तिथे दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या.

२. चालू आर्क उतरत्या मापाने वाचा. पहिले काही दिवस रोज एक खंडाएवढं, मग रोज तीन चॅप्टर, मग रोज एक. शेवटचे पाच चॅप्टर तरी एका दिवसाला एक या मापानेच वाचा. या पाच दिवसांत डोळे चॅप्टरभर थांबायला शिकतात.

३. एक पान स्थितिवर्णन लिहा. प्रत्येक आघाडीवर कोण, कुठे, कशासाठी. सलग वाचताना हे आपोआप डोक्यात असतं, पण तीन आठवड्यांनंतर नसतं.

४. पहिला चालू चॅप्टर निवडून घ्या. आर्क नुकताच सुरू झाला असेल किंवा दोन मोठ्या घटनांमधला शांत काळ चालू असेल, तर उतरायला ती उत्तम वेळ. युद्धाचा ऐन मध्य असेल तर घाई करू नका. पंधरा-वीस चॅप्टर मागेच राहा आणि आर्क संपल्यावर गाठा.

५. पहिल्या सहा आठवड्यांत मत बनवू नका. साप्ताहिकात सहा चॅप्टर म्हणजे खंडाचा जेमतेम दोन तृतीयांश भाग. सलग वाचत असताना एवढ्यावर तुम्ही मालिका सोडली असती का?

सावधान: ताजा चॅप्टर आधी वाचून मग मागून येऊ, हा विचार मनात आला तर तो दाबा. त्यातून ना चालू वाचनाचा आनंद मिळतो ना सलग वाचनाचा.

## टप्पा ६: चालू वाचनाची घडी बसवा

शोनेन जंपचा अंक सोमवारचा, आणि त्यातल्या बहुतेक मालिकांचे अधिकृत भाषांतरित चॅप्टर जपानमधल्या सोमवारच्या मध्यरात्री, म्हणजे रविवारी यूटीसी १५:०० वाजता खुले होतात. जपानमध्ये घड्याळ ऋतूनुसार पुढेमागे करत नाहीत. तुमच्याकडे करत असतील तर चॅप्टरची स्थानिक वेळ वर्षातून दोनदा तासाने सरकते. त्या वेळी ‘आज आलाच नाही’ म्हणून नको तिथे शोधाशोध करू नका.

वाचायचा क्रम ठरलेला ठेवा. आधी मागच्या चॅप्टरची शेवटची तीन-चार पानं. मग नवा चॅप्टर एकदा कथेसाठी, न थांबता. मग पुन्हा पहिल्या पानापासून, या वेळी चौकटींसाठी. मग वहीत एक ओळ. आणि हे सगळं झाल्यावरच इतरांची चर्चा. शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली की तुमची ओळ तुमची राहत नाही.

चॅप्टरच्या मुखपृष्ठाचं पान सोडू नका. वन पीसमध्ये त्या पानांवर कित्येकदा वेगळीच छोटी कथा क्रमाने चालते आणि तिच्यातली पात्रं पुढे मुख्य कथेत येऊन भेटतात.

रिकामे आठवडे आधीच ओळखून ठेवा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन आणि नवीन वर्ष या काळात जपानी साप्ताहिकं जोडअंक काढून एक आठवडा गाळतात. लेखकाची सुट्टी वेगळी. ती बहुधा चॅप्टरच्या शेवटी जाहीर होते. रिकाम्या आठवड्यात मागचे चार-पाच चॅप्टर सलग वाचा. येईल तसं वाचणाऱ्याला कथेचा वेग जाणवण्याची तेवढीच संधी.

एक चूक अनुभवी वाचकही करतात. आठवडाभर एक तर्क घोळवायचा, इतरांशी वाद घालून तो पक्का करायचा, आणि मग चॅप्टर त्या तर्काप्रमाणे निघाला नाही म्हणून निराश व्हायचं. तर्क जरूर करा, पण लिहून बाजूला ठेवा. नवा चॅप्टर उघडताना तो डोळ्यांसमोर नसावा.

तपासा: महिन्यातून एकदा वहीतल्या चार ओळी वाचा. त्यांतून कथा सलग लागते का? लागत नसेल तर दोष लगेच मालिकेवर टाकू नका. या आर्कपुरतं साठवून वाचून पाहा.

## टप्पा ७: मधला मार्ग, साठवून वाचणं

साप्ताहिक मालिकेचे आठ ते दहा चॅप्टर, म्हणजे खंडाएवढा साठा. मासिकाचे तीन-चार पुरेत. आकड्यापेक्षा कथेतला थांबा महत्त्वाचा. लढाई संपली, प्रवास संपला, की तिथपर्यंतचं वाचा. तो थांबा कळण्यासाठी चॅप्टर उघडायची गरज नसते. अजून साठवायचं का आणि आर्क संपला का, एवढंच कथा न फोडता सांगेल असा एखादा मित्र असावा.

काही मालिका आपणहून साठ्याने येतात. हंटर × हंटरचे ३९१ ते ४०० हे चॅप्टर २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत आले आणि ४०१ ते ४१० थेट २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत. अशा मालिकेत दहाही चॅप्टर येईपर्यंत थांबा, आणि ते उघडण्याआधी मागचे निदान वीस वाचा. तिथला राजकीय डाव इतक्या पात्रांवर उभा आहे की स्मरणशक्तीच्या भरवशावर कुणीही पुढे जाऊ नये.

## टप्पा ८: स्पॉयलरपासून बचाव

साठवणाऱ्यांसाठी हा टप्पा अनिवार्य आहे.

- फुटलेली पानं अधिकृत वेळेच्या तीन-चार दिवस आधी फिरू लागतात. म्हणून फक्त रविवारी सावध राहून भागत नाही. समाजमाध्यमांवर शब्द म्यूट करायचे ते आठवडाभरासाठी.
- मालिकेचं नाव, मुख्य पात्रांची नावं आणि पुढच्या दहा चॅप्टरांचे क्रमांक म्यूट करा. क्रमांक बहुतेक जण विसरतात.
- पात्राचं नाव शोधयंत्रात टाकू नका. सुचवणीतला दुसरा शब्दच बहुधा घात करतो. पात्राबद्दलच्या माहितीपानावर तर ‘स्थिती: मृत’ अगदी वरच लिहिलेलं असतं.
- व्हिडिओंची छोटी चित्रं सर्वांत धोकादायक, कारण ती म्यूटला दाद देत नाहीत. एखाद्या मालिकेचे व्हिडिओ पाहत असाल तर साठवण्याच्या काळात ते पाहिल्याचा इतिहास पुसून टाका.

एखादी गोष्ट कळलीच तर ताबडतोब साठा वाचून टाका. घाव बसल्यावर पुन्हा आठ आठवडे थांबण्यात अर्थ नाही.

## टप्पा ९: मागे पडलात तर

पाचपर्यंत चॅप्टर राहिले असतील तर आधीचे दोन धरून एका बैठकीत वाचा आणि पुढे चालू ठेवा. सहा ते वीस राहिले असतील तर चालू वाचन थांबवून साठवण्याच्या पद्धतीवर जा. वीसहून जास्त राहिले असतील, किंवा वर्षभर वाचन थांबलं असेल, तर चालू आर्कच्या सुरुवातीपासून वाचा आणि पाचव्या टप्प्याप्रमाणे उतरा. कुणाचातरी सारांश वाचून मधली दरी भरू नका. सारांशात घटना येतात. चित्रकाराने एखाद्या चेहऱ्यावर दिलेलं अख्खं पान येत नाही.

## टप्पा १०: मालिका संपताना

शेवट जाहीर झाला की साठवणाऱ्यांनी ठरवायचं: शेवटचे चॅप्टर सगळ्यांबरोबर वाचायचे की थांबायचं. माझं मत, बरोबर वाचावेत. शेवटच्या महिन्यात स्पॉयलर टाळणं जवळपास अशक्य असतं. त्यासाठी आधीच्या आठवड्यांत साठा संपवून पाचव्या टप्प्यातली उतरण करून घ्या.

मात्र शेवटचा चॅप्टर वाचला म्हणजे वाचन पूर्ण झालं असं समजू नका. ॲटॅक ऑन टायटनचा १३९ वा आणि शेवटचा चॅप्टर एप्रिल २०२१ मध्ये आला, आणि जूनमधल्या ३४ व्या खंडात त्याला आठ पानं जोडली गेली. माय हीरो अकॅडमियाचा ४३० वा चॅप्टर ऑगस्ट २०२४ मध्ये आला. डिसेंबरमधल्या ४२ व्या खंडात त्यानंतरचा आणखी एक भाग आहे. शेवटचा खंड कधी येणार ती तारीख नोंदवून ठेवा. तो हाती आला की आधी त्याआधीचा खंड वाचा आणि मग तो, एकाच बैठकीत.